नफा दिसतो, मग पैसा कुठे गेला?

व्यवसाय व्यवस्थापनाची व्यावसायिक पदविका करणाऱ्या वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न: सरावाच्या उदाहरणात तेरीज (सगळ्या खात्यांच्या नावे म्हणजे डेबिट आणि जमा म्हणजे क्रेडिट शिलकांची यादी; दोन्ही बाजूंची बेरीज सारखी यायला हवी) 270 ने जुळत नाही. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. पहिल्या नोंदीपासून सगळं पुन्हा तपासण्याखेरीज काही मार्ग आहे का?

आहे. पहिल्या नोंदीपासून तपासणं हा शेवटचा उपाय. आधी फरकाचा आकडा काय सांगतो ते बघा.

तेरजेच्या दोन्ही बाजूंची बेरीज एकदा खालून वर करा. वरून खाली करताना ज्या ठिकाणी हातचा चुकतो, त्याच ठिकाणी तो पुन्हापुन्हा चुकत राहतो. मग खतावणीतलं (लेजरमधलं) प्रत्येक खातं तेरजेत उतरलंय का ते टिक मारत पाहा. नेमकी 270 शिल्लक असलेलं एखादं खातं सुटलं असेल तर काम तिथेच संपलं.

तरी जुळलं नाही तर फरक निम्मा करा: 135. नावेची रक्कम चुकून जमेला गेली की फरक दुप्पट पडतो. त्यामुळे 135 ची नोंद कुठे आहे आणि ती योग्य बाजूला आहे का, हे शोधायचं. तीही सापडली नाही तर 270 ला 9 ने भागा. भाग पूर्ण जातो, म्हणजे आकड्यांची अदलाबदल झाल्याचा दाट संशय. भागाकार 30 आला. दशकाच्या आणि शतकाच्या जागी असलेले, आपसात 3 चा फरक असलेले अंक उलटे लिहिले गेले असावेत, जसे 2,850 चे 2,580. शून्य गळालं तरी हाच फरक येतो: 300 च्या जागी 30. या तीन संशयितांमागे लागलात तर बहुतेक वेळा पंधरा मिनिटांत चोर हाती लागतो.

एक सावधगिरी. तेरीज जुळली म्हणजे हिशोब बरोबर, असं नाही. यंत्राच्या दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या खात्यात टाकला तरी ती जुळेल, आणि एखादा व्यवहार मुळात लिहिलाच नाही तरी जुळेल. परीक्षक याच चुका मुद्दाम पेरतात.

प्रश्न: प्रकरण-अभ्यासात एका व्यवसायाला तिन्ही महिने नफा झालेला आहे, तरी तिसऱ्या महिन्यात त्याच्याकडे पैसे संपतात. उत्तरपत्रिकेत मी ‘खर्चावर नियंत्रण नाही’ असं लिहिलं. गुण मिळाले नाहीत. नफा होत असताना पैसे संपतात कसे?

हा प्रश्न समजला की अभ्यासक्रमाचा निम्मा वित्तभाग समजला, म्हणून जरा सविस्तर.

समजा, हाताशी 10,000 आहेत. वस्तू तीसला पडते, पन्नासला जाते. महिन्याचा स्थिर खर्च 1,000. खरेदी रोखीने, विक्री दोन महिन्यांच्या उधारीवर. पहिल्या महिन्यात 100 नग विकले, दुसऱ्यात 150, तिसऱ्यात 200. जेवढा माल घेतला तेवढा त्याच महिन्यात खपला.

नफा बघा: पहिला महिना 1,000, दुसरा 2,000, तिसरा 3,000. एकूण 6,000. कागदावर धंदा जोरात आहे.

आता गल्ला बघा. पहिल्या महिन्यात मालाचे 3,000 आणि खर्चाचे 1,000 गेले, आत काही आलं नाही, शिल्लक 6,000. दुसऱ्यात 4,500 आणि 1,000 गेले, पुन्हा आत शून्य, शिल्लक 500. तिसऱ्यात पहिल्या महिन्याच्या विक्रीचे 5,000 आले, पण मालाला 6,000 आणि खर्चाला 1,000 लागतात. शिल्लक उणे 1,500.

पैसा कुठे आहे? गिऱ्हाइकांकडे. दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्याची येणी 17,500 होतात. त्यातून उणे पडलेले 1,500 वजा केले की 16,000 राहतात, आणि मूळचे 10,000 अधिक नफ्याचे 6,000 मिळूनही तेवढेच होतात. हा ताळा उत्तराच्या शेवटी लिहा. परीक्षकाला कळतं की तुम्ही नुसता निष्कर्ष पाठ केलेला नाही.

म्हणजे दोष उधळपट्टीचा नव्हता. वाढती विक्री उधारीवर होती आणि खरेदी रोखीने. नगामागचा किंवा स्थिर खर्च एका पैशानेही वाढलेला नसताना ‘खर्चावर नियंत्रण नाही’ म्हणणं म्हणजे ताप नसलेल्याला तापाची गोळी देणं. योग्य उपाय कोणता? मालाच्या पुरवठादाराकडून एका महिन्याची उधारी मिळवली, बाकी सगळं तसंच ठेवलं, तर महिनाअखेरच्या शिलका 9,000, 5,000 आणि 4,500 होतात. स्वतः मांडून पाहा. दुसरा उपाय येणी लवकर वसूल करण्याचा आणि तिसरा खेळत्या भांडवलासाठी, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणाऱ्या पैशासाठी, कर्ज काढण्याचा. तिसरा सर्वात शेवटी सुचवा, कारण व्याजाने नफा घटतो.

रोख प्रवाहाचा तक्ता करताना दोन ठिकाणी हमखास घसरगुंडी होते. घसारा (यंत्रासारख्या मालमत्तेची वापराने होणारी झीज) हा खर्च नफ्यातून वजा होतो, पण त्यापोटी कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत; तो या तक्त्यात येत नाही. कर्जाच्या मुद्दलाचा हप्ता नेमका उलटा: पैसे जातात, नफा-तोटा पत्रकात दिसत नाहीत. तिथे फक्त व्याज दिसतं.

प्रश्न: 900 नगांची विक्री, किंमत 50, बदलता खर्च नगाला 30, स्थिर खर्च 12,000. किमतीत 10 टक्के सूट दिली आणि विक्री 20 टक्के वाढली असं धरलं. तरी नफा घटला. माझं गणित चुकलं का?

गणित चुकलं नाही. सूट किमतीवर 10 टक्के असली तरी नगामागे उरणाऱ्या रकमेवर ती 25 टक्के पडते. पूर्वी नगामागे 20 उरत होते, आता 15. त्यामुळे ना नफा ना तोटा बिंदू 600 नगांवरून 800 वर गेला. पूर्वी नफा 6,000 होता. 1,080 नगांवर तो 4,200 झाला. जुना नफा टिकवायचा तर 18,000 भागिले 15, म्हणजे 1,200 नग विकायला हवेत. एक तृतीयांश वाढ, 20 टक्के नव्हे.

पुढची पायरी बहुतेक विद्यार्थी विसरतात. स्थिर खर्च कायम स्थिर नसतो. हजार नगांच्या वर जायला जादा माणूस किंवा जागा लागली आणि स्थिर खर्च 15,000 झाला, तर 1,080 नगांवर नफा उरतो फक्त 1,200. ‘क्षमतेची मर्यादा गृहीत धरलेली नाही’ एवढं एक वाक्य लिहिलं तरी उत्तर वरच्या श्रेणीत जातं.

प्रश्न: खरेदी 30 ची. 40 टक्के नफा हवा, म्हणून विक्री किंमत 42 काढली. उत्तर 50 दिलंय. छपाईची चूक?

नाही. तुम्ही 40 टक्के खरेदीवर मोजले, उदाहरणात ते विक्रीवर आहेत. विक्रीवर 40 टक्के म्हणजे खरेदी ही विक्रीच्या 60 टक्के. 30 ला 0.6 ने भागा. याच किमतीला खरेदीवरचा नफा 66.67 टक्के होतो. प्रश्नात ‘मार्कअप’ असेल तर खरेदीवर मोजा, ‘मार्जिन’ असेल तर विक्रीवर.

प्रश्न: फेयोलची व्यवस्थापनाची 14 तत्त्वं पाठ केली, तरी गुण कमी. अजून काय लिहायचं?

पाठांतर कमी करा. आंरी फेयोल खाणउद्योगातला अभियंता होता. वर्षानुवर्षं कंपनी चालवल्यानंतर 1916 मध्ये त्याने ही तत्त्वं मांडली. ती कामातून आलेली आहेत आणि कामावरच लावून दाखवायची असतात. प्रश्नात दिलेल्या प्रसंगात कोणतं तत्त्व मोडलंय ते शोधा. विक्रीचा माणूस एकाच दिवशी दोन साहेबांकडून उलटसुलट हुकूम घेत असेल तर ‘आदेशाची एकता’ मोडली. एकाच उद्दिष्टासाठी दोन गट दोन वेगळ्या योजना राबवत असतील तर ‘दिशेची एकता’. या दोन्हींची गल्लत फार होते. पहिलं तत्त्व माणसाबद्दल आहे, दुसरं योजनेबद्दल. चौदांपैकी तीन नीट लावलीत तर उरलेल्या अकरांची यादी कुणी मागत नाही.

आणि प्रश्नातलं क्रियापद वाचा. ‘वर्णन करा’ला काय आहे ते पुरतं, ‘विश्लेषण करा’ला का आणि त्यामुळे काय हेही हवं. ‘मूल्यमापन करा’ असेल तर दोन्ही बाजू तोलून शेवटी निकाल द्यावाच लागतो. ‘दोन्हींचे फायदे-तोटे आहेत’ हा निकाल नव्हे.

प्रश्न: नोकरी करता करता पदविका करते आहे. कामाच्या पुराव्यांची फाइल ‘पुरावा अपुरा’ म्हणून परत आली. साठ पानं जोडली होती!

पानांच्या संख्येचा इथे उपयोग नाही. परीक्षक चार गोष्टी बघतो: पुरावा त्या निकषाशी लागू आहे का, तुमचाच आहे का, अलीकडचा आहे का, पुरेसा आहे का. बैठकीचं छापील इतिवृत्त जोडलंत, पण त्यात तुमचा सहभाग कुठे दिसतो? त्याऐवजी तुम्ही तयार केलेली विषयपत्रिका, बैठकीनंतर कामं वाटून दिल्याचा तुमचा मेल आणि वरिष्ठांची तारखेसह सही असलेली दोन ओळींची टीप, एवढी तीन पानं साठांना भारी पडतात. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात निकषाचा क्रमांक घाला आणि सुरुवातीला सूची. परीक्षकाला शोधायला लावलंत की फाइल परत येते. ग्राहकांची नावं, फोन नंबर आणि पगाराचे आकडे जोडण्याआधी काळे करा.

कामाची नोंदवही त्याच दिवशी लिहा. महिनाअखेरीला एका बैठकीत लिहिलेली नोंदवही लगेच ओळखू येते. सगळे दिवस सारखेच यशस्वी दिसतात.

प्रश्न: ‘कर्मचारी समाधान’ या विषयावरचा प्रकल्प ‘वर्णन आहे, विश्लेषण नाही’ या शेऱ्यासह परत आला. प्रश्नावली भरून घेतली होती, वर्तुळालेखही काढले होते.

विषयच भला मोठा आहे, घोटाळा तिथून सुरू झाला. ‘नवीन कर्मचारी पहिल्या सहा महिन्यांत नोकरी का सोडतात’ किंवा ‘मागणी नोंदवल्यापासून माल निघेपर्यंतचा वेळ कोणत्या टप्प्यावर वाया जातो’ असा एकच, मोजता येणारा प्रश्न घ्या. मग मत विचारण्याआधी नोंदी काढा. सहा आठवड्यांची नोंदणी, तपासणी आणि रवानगीची वेळ एका तक्त्यात मांडली तर कुठे तुंबलंय ते आकडेच सांगतात. प्रश्नावली त्यानंतर, ‘का’ शोधायला.

तुमच्या प्रश्नावलीतला तिसरा प्रश्न पाहा: ‘पगार आणि वरिष्ठांची वागणूक समाधानकारक आहे का?’ पगारावर खूश आणि साहेबावर नाराज असलेल्याने कुठे खूण करायची? एका प्रश्नात एकच गोष्ट विचारा. पाच जणांकडून आधी भरून घ्या; जिथे ते अडखळतात तिथली भाषा बदला. नाव लिहायला लावू नका, आणि भरलेले कागद साहेबाच्या टेबलावर गोळा करू नका. नाहीतर सगळेच समाधानी निघतील.

नऊ जणांच्या उत्तरांवर ‘33.33 टक्के’ लिहू नका. ‘नऊपैकी तिघे’ लिहा. दोन दशांशांची अचूकता नऊ माणसांत कुठून येणार? वर्तुळालेखाऐवजी स्तंभालेख घ्या, लांबीतला फरक डोळ्याला चटकन कळतो.

प्रत्येक आलेखाखाली ‘वरील आलेखावरून असे दिसते की...’ या ओळीनंतर आणखी दोन वाक्यं लागतात: असं का झालं असावं, आणि तसं नसेल तर दुसरं कोणतं कारण संभवतं. विश्लेषण म्हणतात ते या दोन वाक्यांना. शिफारशी दहा नकोत, तीन पुरेत. पण प्रत्येकीत कोण करणार, कधीपर्यंत, काय खर्च येईल आणि जमलं हे कशावरून कळेल, हे असावं. ‘संवाद वाढवावा’ ही शिफारस खोडून टाका. ‘पाळी बदलताना दोन्ही पाळीप्रमुखांनी दहा मिनिटं एकत्र थांबून अपुऱ्या कामांची यादी सोपवावी, महिनाभराने उशिरा निघालेल्या मागण्या मोजाव्यात’ ही ठेवा.