वडील फारसं बोलायचे नाहीत. त्यांची शिकवण आता शोधायची कुठं?

तुम्ही लिहिलंय, वडील वीज मंडळात लाइनमन होते, घरात मोजकंच बोलायचे, गेल्या पावसाळ्यात गेले. आता मुलगा विचारतो, आजोबांनी तुम्हाला काय शिकवलं, आणि त्याला सांगायला तुम्हाला त्यांचं एकही वाक्य आठवत नाही.

त्यांच्या कामात शोधा, असं मी मनापासून सांगेन. माझे वडीलही असेच अबोल. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. एसटीत कंडक्टर होते, सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात. कराड-पाटणच्या फेऱ्या, कोयना खोऱ्यातल्या मुक्कामाच्या गाड्या, कधी कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. घरी आले की खाकी शर्ट खुंटीला, चहा, पेपर. उपदेश नाही, गोष्टी नाहीत. १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला पहिली एसटी गेली आणि लक्ष्मण केवटे तिचे कंडक्टर होते, एवढं मात्र ते आवर्जून सांगायचे. केवटेंचं नाव घरातल्या वडीलधाऱ्याचं घ्यावं तसं घ्यायचे.

तरी त्यांच्याकडून माझ्यात काय आलं ते मी बोट ठेवून दाखवू शकते, आणि ते सगळं त्यांच्या कामातून आलंय.

आता तिकीट मशीनमधून निघतं. अण्णांच्या काळात ट्रे असायचा. त्यात वेगवेगळ्या किमतीच्या तिकिटांचे गठ्ठे, हातात पंच, खांद्याला चामड्याची बॅग. भाडं टप्प्यांवर, सहा किलोमीटरचा एक टप्पा. ठरलेल्या ठिकाणी कुठल्या गठ्ठ्यातलं तिकीट कितव्या नंबरपर्यंत आलं ते वेबिलावर, म्हणजे कंडक्टरच्या हिशोबाच्या कागदावर, चढवायचं, तेही हलत्या गाडीत खांबाला पाठ टेकून. तपासणीवाले कुठल्याही फाट्यावर चढायचे आणि वेबिल, ट्रे, बॅग तिन्ही ताडून बघायचे.

बॅगेत पैसे कमी निघाले तर कंडक्टर अडचणीत येतो हे कुणालाही कळतं. जास्त निघाले तरी त्याला जाब द्यावा लागतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. जास्त पैसे म्हणजे कुणाला तरी तिकीट दिलेलं नाही, नाहीतर कुणाचे तरी सुटे परत केलेले नाहीत. म्हणून ड्युटीवर निघताना स्वतःच्या खिशात किती आहेत ते कंडक्टर आधीच वेबिलावर लिहून देतो. कामाला हात लावण्याआधी माझं किती आणि लोकांचं किती, ही रेघ ओढून निघायचं. अण्णांचं सगळं वागणं या एका रेघेवर उभं होतं असं मला वाटतं.

मी प्राथमिक शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा त्यांच्याबरोबर मुक्कामाच्या गाडीनं गेले होते. मुक्कामाची गाडी म्हणजे संध्याकाळी शेवटच्या गावाला जायचं, रात्री तिथंच थांबायचं आणि पहाटे तीच गाडी घेऊन परत. देवळासमोर गाडी लावली. ड्रायव्हरकाका सतरंजी घेऊन टपावर झोपायला गेले. गावातल्या एका घरून भाकरी आणि वांग्याची भाजी आली. जेवण झाल्यावर अण्णांनी गाडीतला दिवा लावला, लांब सीटवर टॉवेल पसरला आणि बॅग त्यावर रिकामी केली. नोटा एका तोंडानं लावल्या. नाण्यांच्या चवडी रचल्या, पावल्यांची वेगळी, आठ आण्यांची वेगळी, रुपयांची वेगळी. मग वेबिल मांडीवर घेऊन ओठ हलवत बेरीज. दोन रुपये जास्त आले. पुन्हा मोजले, पुन्हा दोनच जास्त.

सुटे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागे बाकी लिहून देतो, तुम्ही बघितलं असेल. उतरताना माणूस तिकीट दाखवतो आणि पैसे घेतो. घाईत कुणीतरी न घेताच उतरलं होतं. अण्णा दिवा मालवून पडले, पण मध्येच उठून बसले आणि म्हणाले, "ताकवाल्या मावशी." एवढंच, अंधारात, स्वतःशी. सकाळी त्या मावशींच्या वाडीच्या थांब्यावर मावशी नव्हत्या, त्यांचा नातू होता. अण्णांनी त्याच्या मुठीत दोन रुपये ठेवले, "आजीला सांग, कालचे राहिले होते," म्हणाले आणि डबल बेल दिली. त्यावर माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. मीही काही विचारलं नाही. मला ते फार साधं वाटलं तेव्हा. लोकांचे पैसे लोकांना देतात, त्यात विचारायचं काय.

आणखी एक गोष्ट. पाच वर्षांच्या पुढच्या मुलाला अर्धं तिकीट लागतं. खोऱ्यातल्या बायका पोराला कडेवर उचलून "अजून पाचचा व्हायचाय" म्हणायच्या. अण्णा वाद घालायचे नाहीत, अर्धं तिकीट फाडायचे. पण बाई खरंच अडलेली आहे असं दिसलं, तर ते पैसे स्वतःच्या खिशातून काढून बॅगेत टाकायचे आणि तसं लिहून ठेवायचे. खिशातले कमी, बॅगेतले तेवढेच जास्त, हिशोब चोख. तिकीट न फाडता सोडून देणं सोपं होतं. पण मग ती दया महामंडळाच्या पैशानं झाली असती. दया करायची तर आपल्या पैशानं, हे ते कधी बोलले नाहीत, मी त्यांना फक्त करताना पाहिलं.

माझं आज मेडिकल स्टोअर आहे. सुट्यांऐवजी गोळ्या-चॉकलेट देण्याची पद्धत आमच्या धंद्यात सर्रास आहे, माझ्या काउंटरवर ती नाही. सुटे नसले की वहीत नाव आणि बाकी लिहिते. आता बरेच जण फोनवरून पैसे देतात, पण वयस्कर माणसं अजून नोटाच आणतात आणि बाकी त्यांचीच राहते. ते पुढच्या वेळी आले की त्यांनी मागायच्या आत मी ती हातावर ठेवते. पट्टीतल्या चारच गोळ्या कापून दिल्या, तर एक्स्पायरीची तारीख बऱ्याचदा माझ्याकडच्या तुकड्यावर राहते. म्हणून पाकिटावर ती तारीख लिहून देते, कारण ती जाणून घेणं गिऱ्हाइकाचा हक्क आहे. हे मला कॉलेजात शिकवलं असेलही. पण ते करताना माझा हात ज्या सवयीनं चालतो, ती सवय त्या सीटवरच्या टॉवेलवरून आलीय.

आणि तुम्हाला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते पुढचं. अण्णांच्या दहाव्याला खोऱ्यातून माणसं आली. मला चेहरेही माहीत नव्हते. त्यातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितलं, की त्यांच्या मंडळींना दम्याचा त्रास होता आणि गावात औषध मिळायचं नाही. अण्णा मुक्कामाला आले की हे चिठ्ठी आणि पैसे त्यांच्याकडे द्यायचे. अण्णा कराडात औषध घ्यायचे आणि पुढच्या मुक्कामाला आणून द्यायचे. पुडीवर बिल गुंडाळलेलं आणि बिलात उरलेली चिल्लर. "कितीतरी घरांची औषधं आणायचे तुमचे अण्णा," ते म्हणाले. मी फार्मसीला प्रवेश घेतला तेव्हा अण्णा फक्त "बरं झालं" म्हणाले होते. त्या "बरं झालं"मध्ये काय काय होतं, ते मला दहाव्याच्या दिवशी, घाटावर, एका अनोळखी माणसाकडून कळलं. मी तिथंच रडले.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं, वडिलांच्या बरोबरच्या लोकांकडे जा आणि लवकर जा. त्यांच्याबरोबर खांबावर चढलेले, निवृत्त झालेले सहकारी अजून असतील. "बाबा कसे होते" असं विचारू नका, "चांगले होते" एवढंच उत्तर मिळेल. काम विचारा. वादळात लाइन तुटली की रात्री कोण कोण निघायचं? लाइन बंद झाल्याची खात्री बाबा कशी करायचे? नवीन पोरगा हाताखाली आला की त्याला आधी काय दाखवायचे? खांबावर स्वतः चढायचे की दुसऱ्याला चढवायचे? लाइनमनच्या हातात बरोबरच्या माणसाचा जीव असतो, त्यामुळे तिथल्या सवयी कुणी विसरत नाही. शेवटी ज्यांच्या घरी त्यांनी रात्री-अपरात्री वीज आणून दिली, त्या वाड्यावस्त्यांवरही एक चक्कर मारा.

जमलं तर मुलाला बरोबर न्या. प्रश्न त्याचा आहे, उत्तर त्यालाही थेट ऐकू दे. वडिलांचा पक्कड, टेस्टर, हातमोजे घरात कुठं असतील तर तेही पिशवीत घाला. हत्यार समोर ठेवलं की जुनी माणसं आपोआप बोलायला लागतात. मी अण्णांचा पंच घेऊन त्यांच्या ड्रायव्हरकाकांकडे गेले होते, तेव्हा ते दुपारभर बोलत राहिले.