आधी कोणाचे फेडायचे?

"मॅडम, महिन्याला किती येणार हेच माहीत नसेल, तर कर्ज फेडायचं तरी कसं?" रिक्षावाल्या काकांपासून मेंदी काढणाऱ्या मुलींपर्यंत, कर्जाचा सल्ला घ्यायला माझ्याकडे येणारे हातावर पोट असलेले सगळेच मला हे विचारतात. उत्तर म्हणून एका जोडप्याची हकिकत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

फेब्रुवारी संपत आला होता. दोघं कळव्याहून ठाण्यात, नौपाड्यातल्या माझ्या खोलीवर आले. दादा एसी-फ्रिज दुरुस्त करतात, कामं बहुतेक घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमधली. वहिनी पाचपाखाडीत दोन घरी स्वयंपाक करतात, त्यांचे ७,००० ठरलेले. दादांनी आल्या आल्या फोन टेबलावर उपडा ठेवला. दहा मिनिटांत तो चारदा थरथरला आणि दर वेळी वहिनींनी पदर सावरला, जणू कोणी दारातच येऊन उभं राहिलंय.

कर्ज किती, विचारलं तर दादा म्हणाले, "असेल दीड-पावणेदोन लाख." मी कोरा कागद पुढे केला आणि कोणाचे किती ते एकेक करून लिहायला सांगितलं. बँकेचं पर्सनल लोन, बाकी ९४,०००, हप्ता ५,२७४. क्रेडिट कार्डचे ६२,०००. मोबाइलवरच्या दोन लोन ॲपचे मिळून १८,०००. मेव्हण्याकडून हातउसने ५०,०००. मग पेन थांबलं. बऱ्याच वेळाने त्यांनी खाली लिहिलं, "४०,००० – पाच टक्क्याने." हे वहिनींना माहीतच नव्हतं. त्या काही बोलल्या नाहीत, खिडकीबाहेर बघत राहिल्या. अशा वेळी मी मध्ये बोलत नाही. नवऱ्याने लपवलेलं कर्ज कळणं हा बाईला बसलेला धक्काच असतो आणि तो पचवायला तिला वेळ द्यावाच लागतो. बेरीज २,६४,००० झाली.

आजवर पैसे हातात आले की आधी कोणाला देत होतात, मी विचारलं. "जो जास्त मागे लागेल त्याला." ॲपवाले दिवसभर फोन करायचे, म्हणून पहिले त्यांना, तेही एका ॲपचं उचलून दुसऱ्याला. मग माहेरी मान खाली जायला नको म्हणून मेव्हण्याला. कार्डचं मिनिमम, म्हणजे दर महिन्याला भरावीच लागणारी किमान रक्कम. आणि पाच टक्केवाला? तो कधी आवाज चढवायचा नाही. दर पाच तारखेला नाक्यावर भेटायचा, २,००० घ्यायचा, चहाचे पैसेही स्वतःच द्यायचा. असे चौदा महिने. म्हणजे २८,००० देऊन झाले होते आणि मुद्दल ४०,००० जसंच्या तसं. महिना पाच टक्के म्हणजे वर्षाला साठ टक्के, हे मी कागदावर मांडलं तेव्हा दादा म्हणाले, "तो तर सगळ्यात चांगला माणूस वाटायचा."

कार्डचंही तेच. महिना साडेतीन टक्क्याने ६२,००० वर २,१७० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३९० रुपये. ३,१०० मिनिमम भरलं की मुद्दलातून कमी व्हायचे जेमतेम ५४०. ज्या मेव्हण्याचं व्याज शून्य, त्याला मात्र हातचं राखून न ठेवता दिलं जात होतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे फोन आणि व्याज या दोन गोष्टी वेगळ्या करणं. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेचं २०२२ चं परिपत्रक आहे. कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधल्या नातेवाइकांच्या नंबरांना हात लावायचा नाही, हाही नियम त्याच वर्षीचा. तक्रारीसाठी रिझर्व्ह बँकेचा १४४४८ हा नंबर मी वहिनींच्या वहीत लिहून दिला. कर्ज थकणं हा गुन्हा नाही, हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला. चेक न वटणं मात्र वेगळी गोष्ट आहे. पाच टक्केवाल्याने दादांकडून एक कोरा सही केलेला चेक घेऊन ठेवला होता. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही, आणि याच्याकडे परवाना नव्हता. तरी आमचं ठरलं ते एवढंच, की मुद्दल एकदम द्यायचं, दोन साक्षीदारांसमोर द्यायचं, आणि चेक हातात आल्याशिवाय नोटा सोडायच्या नाहीत.

पैसे कुठून? वहिनींच्या पाटल्या होत्या. त्या बँकेत ठेवून सोनेतारण कर्ज काढायचं, वर्षाला सुमारे अकरा टक्क्यांचं, आणि त्यातून सावकार आणि दोन्ही ॲप असे ५८,००० एकाच आठवड्यात मिटवायचे. वहिनी नाही म्हणाल्या. "सासूबाईंचं सोनं असंच गेलं, परत आलं नाही." मी आग्रह केला नाही. आठ दिवसांनी त्या स्वतःच आल्या, पण एक अट घेऊन: ॲप डिलीट आणि कार्डाचे तुकडे त्यांच्यासमोर. मला ती अट माझ्या सगळ्या हिशोबापेक्षा मोलाची वाटली. कार्डची बाकी बँकेने विनंतीवरून २४ हप्त्यांत बांधून दिली. हप्ता सुमारे ३,१०० आणि व्याजावरचा जीएसटी, म्हणजे मिनिमम भरत होते जवळपास तेवढाच.

आता मूळ प्रश्न. दादांच्या पावतीपुस्तकांवरून आम्ही मागचं वर्ष मांडलं. मे ५८,०००, जुलै ११,०००, ऑगस्ट ९,५००. सरासरी जवळजवळ २६,००० येत होती आणि दादा त्याच आकड्यावर हप्ते घेत गेले होते. पावसाळ्यात एसीला कोण बोलावतं? हप्ता चुकायचा, खातं असलेली बँक आणि कर्ज देणारा, दोघांचा दंड बसायचा, की पुन्हा ॲप. घरखर्च २१,०००, त्यातले वहिनींचे ७,००० सोडले तर दादांकडून १४,०००, अधिक दोन हप्ते, असे महिन्याला साधारण २२,४०० लागणार होते. ओस महिन्यांचा खड्डा मोजला तो ४५,००० चा निघाला. म्हणून मार्च ते जूनच्या कमाईतून आधी हे ४५,००० वेगळ्या खात्यात, आणि त्या वर जे उरेल तेच कर्जाला. दादांना हे पटेना. "डोक्यावर कर्ज असताना पैसे नुसते बाजूला ठेवायचे?" जुलैत दुसऱ्याकडे हात पसरावा लागू नये म्हणूनच ठेवायचे, असं मी म्हटलं. सोनेतारणात वर्षअखेरीस एकरकमी फेडायची मुभा असते, मधे जमेल तसं भरताही येतं. हंगामी कमाईला हे कर्ज म्हणून मानवतं.

राहिला मेव्हणा. फोन वहिनींनी माझ्यासमोरच लावला. तो चिडला, पण पैशांवरून नाही. "ताई, देतो देतो म्हणू नका. तारीख सांगा, मग दोन वर्षांनंतरची असली तरी चालेल." पुढच्या वर्षीचा ३१ मे सांगितला.

पहिल्या उन्हाळ्यात सोनेतारणात ४०,००० गेले. सगळं फिटलं नाही, उरलेल्यासाठी कर्ज पुन्हा करून घ्यावं लागलं. पाटल्या दुसऱ्या मे महिन्यात घरी आल्या आणि ३१ तारखेला मेव्हण्याला १५,००० पोचले. बाकीचे ३५,००० पुढच्या ३१ मेपासून द्यायचे ठरले आहेत.

परवा ऑगस्टमध्ये दोघं येऊन गेले. वहिनींनी वही दाखवली. जुलैच्या पानावर दादांची कमाई १२,४००, आणि त्याखाली वहिनींच्या अक्षरात, "राखीवमधून १०,०००. कोणाकडून काही नाही."