नोटरीच्या वहीतलं सुनीत

प्रश्न : ताई, मला इटालियन साहित्याची ओढ आहे, घरच्यांचा आग्रह कायद्याचा. इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठात दोन्ही विषय आहेत. दोन्ही एकदम करता येतील का? की तिथला इंग्रजीतला ‘लीगल स्टडीज’ हा अभ्यासक्रम घेऊन भाषा फावल्या वेळात शिकू? वडील म्हणतात, कविता आणि कलमं यांचा संबंध काय?

वडिलांच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो सगळ्यात चांगला आहे.

इटालियन बोलीत जाणूनबुजून लिहिलेली जी सगळ्यात जुनी वाक्यं आपल्याला ठाऊक आहेत, त्यातलं एक कोर्टातलं आहे. साल 960, गाव कापुआ. मोंतेकासिनोच्या ख्रिस्ती मठाच्या जमिनीवर एकाने हक्क सांगितला. सगळा निवाडा लॅटिनमध्ये लिहिलेला आहे, पण साक्षीदारांचं वाक्य त्यांच्याच बोलीत उतरवून घेतलं : या जमिनी तीस वर्षं मठाच्या ताब्यात आहेत. म्हणजे ज्या भाषेत पुढे महाकवी दान्तेने लिहिलं, ती कागदावर आली वहिवाटीचा पुरावा म्हणून!

दुसरी गोष्ट बोलोन्याचीच. 1265 पासून तिथे ठरावीक रकमेवरच्या करारांची नोंद सरकारी वह्यांत करावी लागे. पानावर कोरी जागा राहिली तर मागाहून कुणी ओळ घुसडेल, ही भीती. मग काही नोटरी त्या जागेत कविता लिहीत. 1287 मध्ये एन्रिकेत्तो देल्ले क्वेर्चे नावाच्या नोटरीने तिथल्या गारिसेंदा मनोऱ्याविषयीचं दान्तेचं सुनीत, म्हणजे चौदा ओळींची कविता (सॉनेट), असंच उतरवून ठेवलं. दान्ते तेव्हा विशीच्या आसपासचा. खुद्द सुनीत हा प्रकार ज्याच्या नावावर सांगतात, तो जाकोमो दा लेंतीनीसुद्धा सिसिलीच्या राजदरबारातला नोटरीच. वडिलांना एवढं वाचून दाखव. मग कवी पेत्रार्काने बोलोन्यात कायदा शिकता शिकता सोडला, हेही त्यांना कळलं तर कळू दे.

आता तुझं. दोन्ही एकदम करता येतं, पण हे अलीकडचं. इटलीत एका वेळी दोन पदव्यांना नाव घालायला 1933 पासून मनाई होती. 2022 च्या 33 क्रमांकाच्या कायद्याने ती उठली. एकाच वर्गातल्या, म्हणजे एकाच विषयगटातल्या, दोन पदव्या चालत नाहीत, पण साहित्य आणि कायदा हे वेगळे वर्ग. तरी मी तुला तसं करायला सांगणार नाही. साहित्याची पहिली पदवी तीन वर्षांची, 180 क्रेडिटची. ‘जुरिस्प्रुदेन्त्सा’, म्हणजे कायद्याची सलग पदवी, पाच वर्षांची, 300 क्रेडिटची. परक्या भाषेत दोन्ही ओढायची म्हणजे दोन्हीकडे काठावर पास होणं.

इंग्रजीतल्या ‘लीगल स्टडीज’बद्दल मात्र नीट ऐक, कारण नावाने बरेच जण फसतात. तो पहिल्या पदवीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. संशोधन, संस्था, कंपन्या यांसाठी चांगला. त्यावर इटलीत वकिली करता येत नाही. तिथे वकिलीच्या वाटेवर पाच वर्षांचीच पदवी लागते, नंतर वकिलाच्या हाताखाली अठरा महिन्यांची उमेदवारी आणि राज्य परीक्षा. आणि ती पाच वर्षांची पदवी घेऊन दुसऱ्या देशात थेट वकिलीला उभं राहता येत नाही, हेही घरच्यांच्या कानावर घाल. कायद्याची पदवी हवी आहे की वकिली, हे घरात कुणी विचारलंय का? मला शंका आहे.

माझं मत विचारशील तर आधी इटालियन साहित्य, मनापासून, आणि ऐच्छिक विषयांत कायद्याचा इतिहास. बोलोन्यात दोन्ही विभाग वीया झाम्बोनी या एकाच रस्त्यावर आहेत, आणि त्या रस्त्याच्या तोंडाशी तो गारिसेंदा मनोरा आजही कललेला उभा आहे. तीन वर्षांनीही कायदा खुणावत असेल तर तेव्हा जा. तोवर भाषा पक्की झालेली असेल, आणि इटालियन कायद्यात अर्धी लढाई तीच.

प्रश्न : मी वकील आहे, चाळिशी उलटली आहे. इटालियन बऱ्यापैकी वाचता येतं. तिथला कायदा मूळ भाषेत वाचायचा आहे. 1942 ची नागरी संहिता घेऊन बसलो, पण पुढे सरकत नाही.

2969 कलमं आहेत साहेब, सरकणार कशी? ती कपाटात ठेवा आणि राज्यघटना काढा. 1 जानेवारी 1948 पासून लागू, 139 कलमं, सुमारे 9,300 शब्द. ती सामान्य माणसाला कळावी असा घटना समितीचा कटाक्ष होता. मसुद्याची भाषा तपासायला पिएत्रो पांक्रात्सी या साहित्य समीक्षकाला बसवलं होतं. कलम 3 मोठ्याने वाचा. त्याचा दुसरा परिच्छेद नागरिकांच्या समतेआड येणारे आर्थिक आणि सामाजिक अडथळे दूर करणं हे राज्याचं काम ठरवतो, आणि वाक्य लांबलचक असूनही कुठे अडखळत नाही. मी विद्यार्थ्यांना व्याकरणही त्यावरच शिकवते.

नंतर बेक्कारिया, मिलानचा विचारवंत. त्याचं 1764 चं छोटंसं पुस्तक, छळ आणि देहदंडाविरुद्ध. 1786 मध्ये तोस्काना (टस्कनी) राज्याचा शासक लेओपोल्दो याने देहदंड कायद्यातून काढला, त्यामागे या विचारांचा मोठा हात. मग बेक्कारियाचा नातू, कादंबरीकार मांझोनी : 1630 च्या प्लेगमध्ये मिलानात रोग पसरवल्याच्या आरोपावरून छळ करून ज्यांच्याकडून कबुली घेतली आणि ज्यांना मारलं, त्यांच्या खटल्यावर त्याने लिहिलंय. वकिलाने ते वाचावंच. न्यायाधीशांना त्या काळचा कायदा पाळूनही ही चूक टाळता आली असती, हे तो कागद पुढे ठेवून दाखवतो. संहिता त्यानंतर.

प्रश्न : इटलीतल्या तोंडी परीक्षांची फार धास्ती वाटते. काय करू?

धास्ती रास्त आहे. कायद्यात बहुतेक परीक्षा तोंडीच, समोरासमोर. गुण तीसपैकी, पास अठराला. पण या परीक्षा खुल्या असतात, कुणीही मागे बसून ऐकू शकतो. तुमची तारीख यायच्या आधी त्याच प्राध्यापकांच्या दोन-तीन बैठकांना जाऊन बसा आणि प्रश्न उतरवून घ्या. एकेका प्राध्यापकाचे लाडके प्रश्न असतात. मिळालेले गुण कमी वाटले तर ते नाकारून पुढच्या तारखेला पुन्हा बसायची मुभा सहसा असते. तिथली मुलं हे बिनदिक्कत करतात, तुम्हीही करा.