तुमचा प्रश्न : कॅसिनोतला बुफे परवडतो का?

प्रश्न : आम्ही चौघं पुण्याहून गोव्याला चाललोय, एक रात्र कॅसिनो पण करायचाय. तिथल्या बुफेचे पैसे वसूल होतात का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : हो, पण रात्रीचाच. पणजीला मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटींवर बहुतेक एन्ट्रीच्या पॅकेजमध्येच बुफे धरलेला असतो, म्हणजे जेवा नाहीतर नका जेवू पैसे तेवढेच, मग संध्याकाळी बाहेर भेळ-वडापाव खाऊन कशाला जायचं! आणि ताट घेतल्या घेतल्या नान-पनीर वाढून घेऊ नका हो, आधी नुसती एक फेरी मारा, आम्ही गेलो तेव्हा रवा लावलेली गरमागरम सुरमई पार शेवटच्या कोपऱ्यात होती. दुपारी मात्र रिसॉर्टचा बुफे सोडा, पणजीत साधी फिश थाळी खा, सोलकढी प्या. मुलं २१ च्या आतली असतील तर कॅसिनोत सोडत नाहीत, ते आधी बघा.