मीटिंग मानवली नाही, आता काय करावे?

प्रश्न : माझे वय ४४ असून ठाण्याजवळच्या एका कारखान्यात मी पाळीने काम करतो. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आल्यापासून दारूला हात लावलेला नाही. केंद्रात सांगितल्याप्रमाणे घराजवळच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या (ए.ए., म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या गटाच्या) मीटिंगला गेलो. पण तिथे बहुतेक मंडळी साठीच्या पुढची होती, बोलणे बरेचसे इंग्रजीतून चालले होते आणि शेवटी प्रार्थना झाली. मी देव मानत नाही. ओळखीचे कोणी भेटेल ही धास्ती वेगळीच. पत्नी म्हणते, मीही सोबत येते. माझ्यासाठी योग्य मीटिंग कशी शोधावी?
– एक वाचक, ठाणे जिल्हा

उत्तर : एका संध्याकाळवरून ए.ए. आपल्यासाठी नाही, असे कृपया ठरवून टाकू नका. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ही चळवळ १९५७ मध्ये मुंबईत आली. तिच्या परंपरेप्रमाणे प्रत्येक समूह आपला कारभार आपणच पाहतो, त्यामुळे एकाच शहरातल्या दोन मीटिंगांची भाषा, वय आणि वातावरण अगदी निराळे असू शकते. मुंबई-ठाणे परिसरात इंग्रजीप्रमाणेच हिंदी आणि मराठी मीटिंगाही होतात. निदान पाच-सहा वेगवेगळ्या ठिकाणी बसून पाहा आणि मग ठरवा. काही मीटिंगा चर्चच्या आवारात भरतात, काही महापालिकेच्या शाळेत. समूहाला तिथे जागा मिळालेली असते, इतकाच त्याचा अर्थ.

निवड करताना मी सर्वांत आधी वेळ पाहायला सांगेन. तुम्ही कोणत्या वेळी पीत होता, हे तुमच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. पाळी सुटल्यावर पाय गुत्त्याकडे वळत असतील, तर त्याच वेळी आणि कारखान्यातून घरी येण्याच्या वाटेवर असलेली मीटिंग तुमच्या कामाची. रविवारी सकाळी लांबवर भरणारी उत्तम मीटिंग त्या घटकेला उपयोगी पडणार नाही. तुमची पाळी बदलत असल्याने दोन-तीन मीटिंगा हाताशी ठेवा आणि रात्रपाळीच्या आठवड्यात ऑनलाइन मीटिंगचा आधार घ्या. मात्र केवळ ऑनलाइनवर राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण मीटिंगचा मोठा भाग ती संपल्यानंतर घडतो. नवखा माणूस प्रार्थना संपताच चप्पल घालून निघतो. तुम्ही पंधरा मिनिटे थांबा. बाकांशेजारी चहा घेत उभे असलेले लोक त्या वेळी एकमेकांचे फोन नंबर घेतात, आज कसे गेले ते विचारतात, आणि पुढे ज्याला तुम्ही आपला स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणारा जुना सदस्य, म्हणाल तो पुरुष बहुधा तिथेच भेटतो. वयाचा विचारही तिथे थांबूनच करावा. साठीच्या ज्या गृहस्थांना पाहून तुम्हाला परके वाटले, त्यांनी कदाचित तुमच्याच वयात अशाच कारखान्यात पाळ्या केल्या असतील.

देव न मानणाऱ्याला ए.ए.मध्ये मज्जाव नाही. सदस्यत्वासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट आहे. ए.ए.च्या व्यसनमुक्तीच्या वाटेवरील बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख येतो, तो ‘आपल्याला उमगलेला ईश्वर’ अशा अर्थाने. अनेक निरीश्वरवादी सदस्य त्या जागी समूहाची ताकद मानतात. प्रार्थनेच्या वेळी तुम्ही गप्प उभे राहिलात तरी चालते. तरीही हा भाग खटकतच राहिला, तर तुमच्या केंद्राच्या पाठपुरावा सभा कुठे होतात ते विचारा. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या संस्था उपचारानंतरही असा पाठपुरावा करतात.

ओळखीच्या माणसाची भीती मी समजू शकते. परंतु तिथे जो तुम्हाला ओळखेल, तो स्वतःही त्याच कारणासाठी आलेला असेल. आडनाव न सांगता फक्त पहिले नाव सांगायचे, फी नाही; फिरवलेल्या पिशवीत ऐच्छिक पैसे टाकले तर टाकले. सुरुवातीला दोन स्टेशने पलीकडची मीटिंग निवडलीत तरी हरकत नाही. मात्र कोणी मनोविकारतज्ज्ञांच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या, तर तो सल्ला मानू नका. औषधांचा निर्णय डॉक्टरांचा.

मध्येच पिणे झाले, तर लाजेने मीटिंग टाळू नका, दुसऱ्याच दिवशी जा. पण पुन्हा रोजचे पिणे सुरू होऊन बरेच दिवस गेले असतील, तर एकट्याने एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, क्वचित जिवावरही बेतते. अशा वेळी आधी डॉक्टरांकडे जावे. १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवरही विनामूल्य मार्गदर्शन मिळते.

पत्नीला सोबत न्यायचे असेल, तर ‘खुली’ मीटिंग आहे का ते आधी विचारून घ्या. ‘बंद’ मीटिंग फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी असते. पत्नीसाठी मात्र मी अल-अनॉन सुचवेन. १९५१ पासून चालत आलेला हा कुटुंबीयांचा स्वतंत्र गट आहे. इतकी वर्षे तुमच्या पिण्याभोवती त्यांचाही दिवस फिरत राहिला असणार, आणि ते बोलायला त्यांना तुमच्याशिवायची जागा हवी. तुम्ही मीटिंगला जा अथवा जाऊ नका, त्यांनी जायला हरकत नाही.