मॉडिफाइड (पॉलिमर घातलेल्या) डांबराचा बीम फटीग चाचणीत (पुन्हा पुन्हा वाकवून थकवण्याच्या चाचणीत) साध्यापेक्षा दहापट टिकला, तर रस्त्याच्या थराची जाडी कमी करता येईल का?

एवढ्यावरून नाही. तुम्ही दोन्ही बीम 400 मायक्रोस्ट्रेनला (स्ट्रेन म्हणजे लांबीच्या मानाने होणारा ताण; इथे दहा लाखात 400 भाग) तपासलेत, म्हणजे मशीनने दोघांनाही सारखंच वाकवलं. रस्त्यावर तसं होत नाही. तिथे चाकाचं ओझं ठरलेलं असतं आणि थर जितका मऊ, तितका त्याच्या तळाशी स्ट्रेन जास्त. एसबीएस (रबरासारखं पॉलिमर) घातलेलं मिश्रण 20 अंशांना बऱ्याचदा साध्यापेक्षा कमी ताठ निघतं, त्यामुळे आधी दोघांचा मोड्युलस (ताठपणाचं माप) बघा. आयुष्य स्ट्रेनच्या साधारण चौथ्या-पाचव्या घाताने घटतं. चौथा घात धरला, तरी 30 टक्के जास्त स्ट्रेन आला की आयुष्य जेमतेम एक तृतीयांश उरतं.

दुसरं म्हणजे 400 हा आकडा चाचणी लवकर संपावी म्हणून घेतलेला असतो. 10 हर्ट्झला दहा लाख आवर्तनं म्हणजे जवळपास 28 तास. त्याहून कमी स्ट्रेनला मशीन दिवसेंदिवस अडकून पडतं. जाड थराच्या रस्त्यात खरा स्ट्रेन याच्या बराच खाली असतो, आणि दोन मिश्रणांच्या स्ट्रेन-आयुष्याच्या लॉग-लॉग रेषांचा (दोन्ही अक्ष लॉग मापात असलेल्या आलेखावरच्या) उतार एक नसतो. 400 ला दिसलेली दहापट 150 ला कमी होईल किंवा वाढेलही. म्हणून मी प्रत्येक मिश्रणाचे बीम निदान तीन स्ट्रेनना चालवतो, त्याच मिश्रणाचा मोड्युलस घालून थरांचं गणित करतो आणि तळाला आलेला स्ट्रेन त्याच्याच रेषेवर वाचतो.

ताठपणा निम्मा झाला की बीम संपला, हा निकषही जरा जपून वापरा. साध्या मिश्रणाचा ताठपणाचा आलेख आधी झपकन उतरतो, मग सपाट चालतो आणि शेवटी कोसळतो. पॉलिमरवाल्यात ते कोसळणं पुष्कळदा येतच नाही. 50 टक्क्यांना क्लॅम्प सोडून बीम हातात घेतला, तर कडेला तडाही दिसत नाही. शिवाय इथे भार अखंड चालू असतो. रस्त्यावर दोन चाकांमध्ये उसंत मिळते, तेवढ्यात डांबर थोडं सांधतं, आणि ही सांधण्याची कुवत दोन्ही डांबरांत सारखी नसते. तेव्हा साध्या मिश्रणाचा शिफ्ट फॅक्टर (प्रयोगशाळेतल्या आयुष्यावरून रस्त्यावरचं आयुष्य काढायचा गुणक) उचलून इथे लावू नका.

(निव्वळ डांबराचा जी-स्टार साइन डेल्टा, म्हणजे डांबराच्या फटीगसाठी बघितला जाणारा आकडा, दाखवून कुणी हाच दावा केला, तर तो बाजूलाच ठेवा. ते मोजमाप इतक्या कमी स्ट्रेनला होतं की पॉलिमरचं काम त्यात उमटतच नाही.)

जमलं तर, रस्त्यावर डांबर जुनं होतं तसं व्हावं म्हणून, काही बीम 85 अंशांना पाच दिवस ओव्हनमध्ये ठेवून मग तपासा. जाडीचा निर्णय मी त्या आकड्यांवर घेईन, ताज्या बीमच्या नाही.