माफ केलं नाही तर पाप लागतं का?

दोघी जावा डोळे तपासायच्या निमित्ताने तालुक्याला माझ्याकडे सल्ल्याला आल्या होत्या. तासाभरात परतायचं होतं. (ओळखीचे तपशील बदलले आहेत.) त्यांच्या पंथाची चाळीसेक घरांची वस्ती, शाळा, किराणा, सोयरिक, सगळं आतल्या आत. एक जुना सेवेकरी बायकांच्या अंगचटीला जायचा. बैठकीत बोभाटा झाला तेव्हा त्याने हात जोडले आणि प्रमुखांनी सांगितलं, झालं ते गुरुचरणी वाहा. आता जी तोंड उघडेल तिला दोष.

"मी माफ केलं म्हटलं, ताई," थोरली म्हणाली, "पण तो दिसला की पोटात ढवळतं. माझी श्रद्धाच कच्ची का?"

"माफ करायला किती वेळ दिला होता?"

ती कसंनुसं हसली. "आरती व्हायच्या आत."

हा प्रश्न माझ्याकडे सगळ्या धर्मांच्या बायका आणतात. बोलिव्हियातल्या मॅनिटोबा कॉलनीत 2005 ते 2009 या काळात जनावरांच्या गुंगीच्या औषधाचा फवारा मारून मेनोनाइट या ख्रिस्ती पंथातल्या शंभरावर बायका-मुलींवर बलात्कार झाले. आधी म्हणे भुताटकी, मग म्हणे बायकांच्या मनाचे खेळ. गुन्हेगार सापडल्यावर माफीचा आग्रह झालाच. तरी खटला चालला, 2011 मध्ये सात जणांना 25 वर्षांची शिक्षा झाली. हे सांगितलं तेव्हा थोरली एवढंच म्हणाली, "तिकडेपण?"

माफी मनातली गोष्ट, तक्रार कायद्याची. एक दिली म्हणून दुसरी बुडत नाही.

मग इतका वेळ गप्प असलेली धाकटी बोलली. "माझ्या पोरीला तो हल्ली पहाटेच्या सेवेला बोलावतो. चौदाची आहे."

अठराखालच्या मुलीचं काही असेल तर ते माझ्यापाशी ठेवता येणार नाही, हे मी सुरुवातीलाच सांगितलं होतं. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, गुन्हा घडेल अशी नुसती धास्ती असली तरी कळवावं लागतं. धाकटीला भीती गाडीची होती: वस्तीत पोलिस आले की संपलंच. पण मुलीचा जबाब तिला हव्या त्या ठिकाणी घेता येतो आणि घेणारे पोलिस गणवेशात नसतात. तिने माहेर सुचवलं. 1098 ला, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन आम्ही माझ्याकडे बसूनच लावला.

"वाळीत टाकतील," थोरली पुटपुटली. टाकतीलही. महाराष्ट्राच्या 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे, पण कायदा लेकीची सोयरीक जमवून देत नाही. हे मी लपवलं नाही.

निघताना धाकटी थबकली. डोळ्यांचं औषध राहिलं. रिकाम्या हाताने गेलो तर विचारतील. मग आम्ही तिघी समोरच्या मेडिकलमध्ये गेलो.